घड्याळजी, लेसवाली आणि घरातले समाधान

वाचने : सिराख ३८:२४-३४, प्रेषितांची कृत्ये १८:१-३, मार्क ६:१-३
(पाठ सुरू करण्यापूर्वी घरातील कोणीतरी ही वाचने मोठ्याने वाचावीत. मुलांनी वाचली तर अधिक चांगले.)



विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाच्या शेवटच्या तासाला आम्ही एक डबा फिरवतो. ज्यांना तोंडाने विचारायला संकोच वाटतो त्यांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून त्यात टाकायचा, नाव लिहायचे नाही. बहुतेक प्रश्न दरवर्षी तेच असतात : सासूबाई, पैसे, मुले कधी. पण एका वर्गात निघालेली एक चिठ्ठी मी अजून बायबलमध्ये जपून ठेवली आहे. एका मुलीने लिहिले होते, "आमचे ठरले आहे. मुलगा स्वभावाने चांगला, निर्व्यसनी, दर रविवारी मिस्साला येणारा. त्याने आयटीआय केले आहे, फ्रिज आणि एसी दुरुस्तीची कामे घेतो. मी पदवीधर, बँकेत नोकरीला आहे. मावशी आणि आत्या अजूनही म्हणतात, हाताने काम करणाऱ्याच्या घरात तुला सुख लागणार नाही. खरे आहे का?"

वर्गात काही जण हसले. मला हसू आले नाही, कारण हा प्रश्न त्या मुलीचा एकटीचा नव्हता. आपल्या धर्मग्रामातल्या किती घरांत मुलाचे लग्न जमवताना "काय करतो?" या प्रश्नाचे उत्तर जरा खालच्या आवाजात दिले जाते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

हे दुखणे जुने आहे. सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय पाहा. ग्रंथकार शेतकऱ्याचे, मुद्रा कोरणाऱ्याचे, लोहाराचे आणि कुंभाराचे वर्णन करतो. भट्टीच्या आचेने लोहाराचे अंग कसे भाजून निघते, कुंभार पायाने चाक कसा फिरवतो, हे त्याने जवळ उभे राहून पाहिलेले दिसते. यांच्यावाचून कोणतेही नगर वसणार नाही, असेही तो कबूल करतो. आणि मग म्हणतो की सभेत मात्र यांना कोणी बोलावत नाही, न्यायासनावर हे बसत नाहीत. तो स्वतः शास्त्री होता, आपल्या पेशाचा थोडा अभिमान त्याच्या लेखणीतून उतरलाच! मावशी आणि आत्या एकट्या नाहीत, एवढेच मला यातून सांगायचे आहे. पण त्याच उताऱ्याच्या शेवटी त्याने एक गोष्ट लिहून ठेवली आहे जी मावशींना सुचली नाही. या लोकांची प्रार्थना त्यांच्या कामातच असते, असे तो म्हणतो.

एका शब्दाची वाटणी

उत्तम मेंढपाळाच्या रविवारी आपण पाचारणासाठी प्रार्थना करतो. हा जागतिक प्रार्थना दिन पोप पॉल सहावे यांच्या काळात, १९६४ साली सुरू झाला. त्या दिवशी आपल्या मनात धर्मगुरू आणि धर्मभगिनी असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु इंग्रजीत व्होकेशन या एकाच शब्दातून सेमिनरीकडेही वाट जाते आणि आयटीआयकडेही. मराठीत आपण त्याची वाटणी करून टाकली. वेदीकडे जाणाऱ्याला पाचारण आणि वर्कशॉपकडे जाणाऱ्याला व्यवसाय प्रशिक्षण. पहिल्यासाठी आपण मेणबत्ती लावतो. दुसऱ्याविषयी बोलताना "दहावीला मार्क कमी पडले" असे म्हणून मोकळे होतो.

ही वाटणी किती कच्ची आहे हे दाखवणारे एक जोडपे ख्रिस्तसभेने आपल्यासमोर ठेवले आहे. आपल्याला त्यांची मुलगी चांगली ठाऊक आहे, लिझ्यूची संत तेरेजा, जिची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. तिचे आईवडील लुई आणि झेली मार्टिन यांना पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संतपद बहाल केले. रोममध्ये तेव्हा कुटुंब या विषयावर बिशपांची महासभा भरली होती. पतिपत्नींना एकत्र संत म्हणून जाहीर करण्याचा आधुनिक काळातला तो पहिलाच प्रसंग. त्यांचा सण १२ जुलैला येतो.

दोन बंद दारे

लुई मार्टिन यांचा जन्म १८२३ चा. वडील सैन्यात. लुई घड्याळे बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम शिकले. त्यासाठी फ्रान्समधल्या निरनिराळ्या शहरांत उस्तादांच्या हाताखाली राहिले. बावीस वर्षांचे असताना ते आल्प्स पर्वतातील संत बर्नार्डच्या मठात गेले आणि प्रवेश मागितला. लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. काही काळ त्यांनी लॅटिनचा अभ्यासही केला, पण तो तडीस गेला नाही. शेवटी आलांसों नावाच्या गावात त्यांनी घड्याळांचे दुकान थाटले.

झेली गेरँ ही त्याच परिसरातली, एका पोलिस शिपायाची मुलगी. तिला धर्मभगिनी होऊन रुग्णांची सेवा करायची होती. आलांसोंच्या रुग्णालयातल्या भगिनींच्या प्रमुखांनी तिला नकार दिला. मग तिने लेस विणण्याचा व्यवसाय निवडला. आपण वेदीवरच्या वस्त्राला किंवा मुलींच्या पहिल्या कम्युनियनच्या ओढणीला जी लेस लावतो ती यंत्रावरची. आलांसोंची लेस केवळ सुई आणि दोऱ्याने हातावर होते. तिच्या एका चौरस सेंटीमीटरला सुमारे सात तास लागतात आणि ही कला पूर्ण अंगी यायला सात ते दहा वर्षे, असे युनेस्कोने नोंदवले आहे. २०१० साली ही कला युनेस्कोच्या वारसा यादीत घेतली गेली. झेलीने १८५३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्वतःचा लेसचा धंदा सुरू केला. गावातल्या बायका आपापल्या घरी लहान लहान तुकडे विणत आणि गुरुवारी तिच्याकडे आणून देत. ते तुकडे सांधा दिसणार नाही अशा रीतीने जोडणे, हे सर्वात नाजूक काम ती स्वतः करी.

१८५८ च्या जुलैमध्ये, १२ आणि १३ तारखांच्या मधल्या मध्यरात्री, या दोघांचा विवाहसंस्कार झाला. त्यांची ओळख होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. एक घड्याळजी, एक लेसवाली. मठाच्या दोन दारांतून परत आलेली ही माणसे. "तिकडे जमले नाही म्हणून इकडे आले" असे आपण आयटीआयच्या मुलाबद्दल म्हणतो, तसेच त्यांच्याबद्दलही कोणी म्हटले असेल.

रविवारचे गिऱ्हाईक

आसपासच्या खेड्यांतले शेतकरी रविवारी शहरात येत. मिस्सा झाली की बाजार करत. लग्नकार्य असेल तर दागिना, घड्याळ घेत. लुईच्या दुकानात दागिनेही असत. म्हणजे आठवड्याची खरी विक्री रविवारची. लुई रविवारी दुकान बंद ठेवत. निदान बाजूचे दार उघडे ठेवा, असे हितचिंतकांनी सुचवून पाहिले. त्यांनी ऐकले नाही. त्या दिवशी मिस्सा, मुलींना घेऊन फिरणे आणि त्यांचा आवडता छंद, मासे पकडणे.

मी ही गोष्ट वर्गात सांगितली की कोणीतरी लगेच विचारतो, "सर, एसी उन्हाळ्यात रविवारीच बिघडतात. फोन उचलला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते." बरोबर आहे. ज्याचे दुकान स्वतःचे, त्याला मालक नाही असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येक गिऱ्हाईक त्याचा मालक असतो. नर्स, मोटरमन, बसचालक यांनी तर रविवार पाळायचा कसा? ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत कठोर नाही. कुटुंबाची निकड किंवा समाजाची मोठी सेवा हे रविवारच्या विश्रांतीतून सूट मिळण्याचे रास्त कारण आहे, मात्र त्याची सवय लागून घर, धर्म आणि प्रकृती यांची हानी होऊ नये, असे कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे. सूट आणि सवय यांतली रेष कुठे आहे ते घरच्यांना विचारावे. त्यांना ती अचूक ठाऊक असते.

नवऱ्याने दुकान विकले

आता या पाठाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. लग्नानंतर बारा वर्षांनी, १८७० साली, लुई मार्टिन यांनी आपले चांगले चाललेले घड्याळांचे दुकान पुतण्याला विकले आणि ते पत्नीच्या धंद्यात आले. तिला कामाचा भार झेपेना झाला होता. लेसच्या मागण्या मिळवणे, त्यासाठी पॅरिसला जाणे, हिशेब ठेवणे हे काम त्यांनी उचलले. सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष, स्वतःच्या हातात पक्के कसब असलेला, बायकोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धंद्यात तिचा मदतनीस होतो. एकोणिसाव्या शतकात! आपल्याकडे आजही एखाद्याने असे केले तर नाक्यावर त्याची किती चेष्टा होईल याची कल्पना करा.

तो काळही कठीण निघाला. त्याच वर्षी जर्मन सैन्याशी युद्ध पेटले, आणि पुढच्या जानेवारीत आलांसों शत्रूच्या ताब्यात गेले. मार्टिन कुटुंबाला नऊ सैनिक घरात ठेवून घ्यावे लागले आणि लेसचा व्यापार ठप्प झाला. दुकान विकून चूक केली का, असा प्रश्न त्या घरात उठला असेल तर तो साहजिकच होता. पण ते मागे फिरले नाहीत.

पवित्र शास्त्रात असे एक जोडपे आधीच आहे. सम्राट क्लौद्यने यहुदी लोकांना रोममधून घालवून दिले तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला करिंथला आली. दोघांचा धंदा तंबू बनवण्याचा. संत पौलाचाही तोच, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला आणि काम करू लागला. नव्या करारात या दोघांचा उल्लेख सहा वेळा येतो. प्रत्येक वेळी दोन्ही नावे जोडीने, आणि त्यांपैकी चार वेळा बायकोचे नाव आधी. घर सुटले, शहर सुटले, पण कसब हातात होते म्हणून संसार उभा राहिला. पुढे त्यांच्याच घरात ख्रिस्तसभा जमू लागली.

संतांच्या घरातला ताण

संतांच्या चरित्रांची एक सवय मला आवडत नाही. ती घरातला धूर पुसून टाकतात. झेलीने भावाला, वहिनीला आणि वसतिगृहात शिकणाऱ्या मुलींना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत म्हणून बरे. १८६३ च्या सुरुवातीला ती भावाला कळवते की नवऱ्यामुळे आपले आयुष्य गोड झाले आहे आणि असा नवरा सर्व स्त्रियांना मिळावा. त्याच पत्रसंग्रहात ती लेसला शिव्याही घालते. मागण्या जास्त आल्या तर मी गुलाम होते आणि मागण्या आल्या नाहीत तर घर कसे चालेल म्हणून झोप उडते, असा तिचा सूर आहे. रात्री उशिरापर्यंत जागरण होई. आपल्यापैकी ज्या भगिनी शिवणकाम करतात किंवा केकच्या, मसाल्याच्या ऑर्डरी घेतात त्यांना हे वेगळे सांगायला नको. नाताळच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन पाहावे.

नऊ मुले झाली. चार लहानपणीच गेली. स्तनाच्या दुखण्यामुळे झेलीला धाकट्या मुलांना अंगावर पाजता येत नसे. त्यांना दूधआईकडे ठेवावे लागे. त्यांतली एक मुलगी दूधआईच्या हलगर्जीपणामुळे दगावली. सर्वात धाकटी तेरेजा १८७३ साली जन्मली. तीसुद्धा पहिल्या वर्षातला बहुतेक काळ एका शेतकरी कुटुंबात वाढली, म्हणून वाचली.

आणि लेओनी. ही मधली मुलगी आजारी, हट्टी, शाळेतून परत पाठवलेली. आईच्या पत्रांत तिची काळजी सतत दिसते : या मुलीचे काय होणार? १८७७ साली मोठ्या बहिणीच्या लक्षात आले की घरात कामाला असलेली बाई लेओनीला धाकात ठेवत होती, आईजवळ जाऊ देत नव्हती. हे बराच काळ चालले होते. आई त्याच घरात होती, बहुधा लेसचे तुकडे जोडत, आणि तिला कळले नव्हते. कळल्यावर ती हादरून गेली. तिने लेओनीला जवळ घेतले, पण तिच्या हाती काहीच महिने उरले होते. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली स्तनाच्या कर्करोगाने वारली. लेओनी पुढे काँ येथील मठात धर्मभगिनी झाली आणि १९४१ पर्यंत जगली. तिच्या संतपदाची प्रक्रिया २०१५ साली सुरू झाली आहे.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. मुलांसाठीच राबणाऱ्या आईबापांच्या नजरेतून मूल निसटू शकते. काम घरात असो की कार्यालयात, जहाजावर असो की आखातात, हा धोका सगळीकडे आहे. घरून काम करणारे आईवडील मुलांना दिसतात खरे, पण दिसणे म्हणजे भेटणे नव्हे.

झेली गेल्यावर लुईने आणखी एकदा सगळे बदलले. पाच मुलींना मामा-मामींचा आधार मिळावा म्हणून त्यांनी आपले गाव, मित्र, मासे पकडण्याची जागा सोडली आणि नोव्हेंबर १८७७ मध्ये ते लिझ्यूला आले. आईवडिलांना मठाने नाकारले. पाचही मुली मठात गेल्या.

काम कोणासाठी

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमावर एक परिपत्रक काढले. 'रेरुम नोवारुम' या १८९१ च्या परिपत्रकाला नव्वद वर्षे झाल्यानिमित्त ते मे महिन्यात यायचे होते. १३ मे रोजी त्यांच्यावर गोळीबार झाल्याने उशीर झाला. लिहिणारा माणूस कामगाराचे जिणे जगलेला होता. महायुद्धाच्या काळात त्यांनी क्राकुवजवळ दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केले होते. कामाचे मोल कोणते काम आहे यावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते, असा त्यांच्या शिकवणीचा गाभा आहे. काम माणसासाठी आहे. कुटुंब उभे राहते ते श्रमावर, आणि श्रमाची पहिली शाळा म्हणजे कुटुंबच, असेही त्यांनी म्हटले.

या दृष्टीने हातकामाच्या धंद्याला एक लाभ आहे, तो सांगायला हवा. मुलाला बापाचे काम दिसते. बँकेतला किंवा संगणकावरचा बाप दिवसभर काय करतो हे दहा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. सुताराच्या मुलाला सांगता येते. नाझरेथमधल्या लोकांनी येशूला ओळखले ते सुतार म्हणूनच, मार्कच्या शुभवर्तमानात त्यांनी तो शब्द हिणवण्यासाठी वापरला असला तरी! येशूने तो धंदा कोणाजवळ बसून शिकला हे आपण जाणतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत जोसेफचा सण म्हणून दिला. आपल्याकडे तो महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत विरून जातो. त्या दिवशी मिस्साला आपापली हत्यारे आशीर्वादासाठी आणावीत, असे मी फादरांना एकदा सुचवले आहे.

मात्र तोटेही खरे आहेत. उत्पन्न कधी भरती, कधी ओहोटी. आजारी पडले तर पगारी रजा नाही. भिंतीबाहेर लोंबकळून एसी बसवताना जीव धोक्यात असतो. विमा, भविष्य निर्वाह निधी यांचा विचार स्वतःच करावा लागतो आणि बहुतेक जण तो पुढे ढकलतात. नवऱ्याची कमाई नेमकी किती, उधारी किती थकली, हे अनेक बायकांना माहीत नसते. मार्टिन यांच्या घरी हिशेबाची वही दोघांसमोर उघडी होती. अनेक भांडणे या वहीतूनच जन्मतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

त्या चिठ्ठीला मी काय उत्तर दिले? "खरे आहे का" या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणालो नाही. मी लुई मार्टिनची गोष्ट सांगितली आणि म्हटले, त्या मुलाला तीन गोष्टी विचार. जेवताना गिऱ्हाइकाचा फोन आला तर तू काय करशील? माझी बदली झाली तर तुझे काम दुसऱ्या गावी नेशील का? आणि तुझी वही मला दाखवशील का? मग म्हटले, आता हेच तीन प्रश्न त्याने तुला विचारले तर तुझे उत्तर काय, तेही लिहून ठेव. बँकेतल्या नोकरीलाही फोन येतात आणि बँकेच्याही बदल्या होतात. मागच्या बाकावर बसलेला एक मुलगा तेव्हा पहिल्यांदा मान वर करून पाहू लागला. तोच होता की काय, मी विचारले नाही.

वाडीच्या प्रार्थनासभेत बोलण्यासाठी

१. आपल्या आईने किंवा वडिलांनी कुटुंबासाठी कोणते काम सोडले किंवा बदलले? आपण त्यांना त्याबद्दल कधी विचारले आहे का? ते हयात असतील तर या आठवड्यात विचारा.

२. आपल्या घरात काम करताना नजरेतून निसटणारे माणूस सध्या कोण आहे?

३. (केवळ पतिपत्नींसाठी, घरी) गेल्या तीन महिन्यांचा जमाखर्च एकत्र बसून पाहा. भांडण झाल्यास चहा करावा आणि पुन्हा बसावे.